देवीपुढचा स्थगिती अर्ज

आमच्या हिर्डोशीची एसटी रद्द झाली, की दुसऱ्याच दिवशी माझा तक्रारअर्ज भोरला पोहोचलेला असतो. सनद नसूनही गाव मला वकीलसाहेब म्हणते, ते उगाच नाही. पण उजव्या जबड्याखाली सुपारीएवढी टणक गाठ आली, तेव्हा हरकत कोणाकडे नोंदवावी, हे मला कळेना. भोरच्या डॉक्टरबाईंच्या गोळ्या संपल्या, तरी ती तशीच राहिली. मग त्यांनी पुण्याला जाऊन घशात दुर्बीण घालून पाहण्यास आणि सुईने गाठीचा नमुना देण्यास सांगितले. न दुखणाऱ्या गाठीसाठी हा खटाटोप कशाला, याचा मी संतापून लेखी खुलासा मागितला. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, या वयात गाठ दुखत नाही, म्हणूनच घाई करायची. कॅन्सर नाही ना, हे आधी पाहायला हवं."

सुई लागली की गाठ पसरते, असे भावकी सांगत होती. मला तेच ऐकायचे होते. मी ग्रामदेवीला कौल लावायला गेलो. खरे तर तपासणीला स्थगिती मागायलाच गेलो. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर जावे, डावी पडली तर जाऊ नये. पाकळ्या वाळू लागल्या, तरी एकही पडेना. मी चिडून पुन्हा लावायला सांगितले, तसा म्हातारा गुरव हसला. "वकीलसाहेब, कंचीबी पडली तरी तुमी अपीलच करनार. आई गप हाय. आता तुमचा कायदा काय म्हन्तो?"

कायदा मला पाठ होता. स्थगिती मिळाली नाही, तर काम थांबत नाही. स्थगितीचा अर्ज मी गाभाऱ्यातच मागे घेतला. नमस्कार करून मी तसाच पुण्याच्या वाटेला लागलो.

सुईने काही पसरले नाही. कॅन्सरच होता, त्याचे मूळ टॉन्सिलमध्ये निघाले. पण उपचार होण्याजोगा होता. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले. अजून घास पाण्याबरोबर गिळावा लागतो, पण परवाच्या तपासणीत काही आढळले नाही.

मानेवरचा व्रण मी उपरण्याने झाकत नाही. कोणी विचारले, तर आमच्या देवीची हकीगत ताठ मानेने सांगतो. जिंकलेल्या साऱ्या अर्जांपेक्षा गाभाऱ्यातल्या त्या माघारीचा मला अधिक अभिमान आहे. माझ्या प्रत्येक अर्जाखाली 'लेखी उत्तर मिळावे' ही ओळ असते. देवीपुढे मात्र हात जोडून उभा राहतो, आणि उत्तर मागत नाही.