टेकलेलं वजन

दर वर्षी नववीला बल शिकवताना मी तीन-तीनदा बजावते: बलाला परिमाण असतं, दिशा असते, आणि ते कुठं लागतंय तेही बघावं लागतं. पाच किलो हे वस्तुमान झालं, बल न्यूटनमध्ये लिहा. एवढ्यावरून मी गुण कापते. पोरं मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

दोन वर्षांपूर्वी, हळद शिजवायच्या दिवसांत, आई कढईजवळच्या चिखलात घसरली आणि तिचं मांडीचं हाड मोडलं. हिंगोलीत डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, ऑपरेशन झेपणार नाही, वजन लावून ठेवू. नडगीतून सळई आरपार घातली. सळईला दोरी, दोरी पलंगाच्या टोकाच्या कप्पीवरून खाली, आणि खाली पाच किलोचं वजन. सहा आठवडे. मांडीचे स्नायू मोडलेली टोकं एकमेकांवर चढवायला बघतात, वजन त्यांना उलट दिशेनं ओढून धरतं. "वजन कुठं टेकू देऊ नका," डॉक्टर म्हणाले.

"मी हेच शिकवते," मी हसून म्हणाले. काय तो माझा तोरा!

चौथ्या दिवशी दुपारी आई रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"काढ गं माय ते वजन. पाय उपटून राहिला माझा. तुला काहून दया येत न्हाई?"

नर्स म्हणाली, गोळी देऊन झालीय, आता संध्याकाळीच. ती गेल्यावर मी स्टूल ओढलं आणि वजनाखाली सरकवलं. दोरी ढिली पडली. आता सगळा भार स्टूल पेलत होतं, पायावर ओढ शून्य. हे मी फळ्यावर बाण काढून दाखवलं असतं. आईचा चेहरा सैलावला, तिला झोप लागली. दहाच मिनिटं, असं मी ठरवलं होतं. तास झाला. मग रोजच, डॉक्टर येऊन गेले की. पुढं पुढं तर दुपारभर. कुणी यायच्या आत स्टूल काढायला मात्र मी एकदाही विसरले नाही.

हाड जुळलं, पण टोकावर टोक चढून. पाय दोन बोटं आखूड झाला. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"वजन लोंबतं होतं ना कायम?"

"होतं," मी म्हणाले. त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते.

आई आता भिंत धरून चालते. जवळा बाजार या गावचा आठवडी बाजार तिनं एकही चुकवला नव्हता, तो सुटला. परवा ओट्यावर बसून तिनं दोन्ही पाय पसरले आणि टाचा जुळवून पाहिल्या. जुळल्या नाहीत.

"सहा हप्ते वजन लावलं, तरी आखूड काहून झाला गं? तुला तर यातलं समजतं."

"वयामुळं होतं असं."

तिनं मान हलवली. "तू म्हणतीस म्हंजी बराबर असंल. तू व्हतीस म्हणून दुपारची झोप तरी लागली मला."