नुसतं बटण दाबायचं मशीन

आमच्या वाडीत ऑनलाइन काही मागवायचं असलं की लोक माझ्याकडे येतात. मी इथल्या शाळेवर शिक्षिका. गेली सहा वर्षं बाबाजी धनावडे यांच्या पडवीला लागून असलेल्या दोन खोल्यांत भाड्याने राहते. माझ्या मोबाइलवरून आजवर कुकरच्या रबरापासून नवरीच्या शालूपर्यंत सगळं आलंय. पार्सल वाडीपर्यंत येत नाही, राजापूरला कुरिअरवाल्याकडे पडतं, आणि शनिवारी शाळा सुटली की मी एसटीने जाऊन ते घेऊन येते. त्यामुळे कोणाच्या घरात काय चाललंय ते मला आधी कळतं, आणि मत दिल्याशिवाय मला राहवत नाही.

मार्च संपता संपता एका दुपारी खुद्द बाबाजीकाकाच माझ्या दारात आले. पायांना काजूच्या बागेतली माती, अंगात मात्र पांढरा शर्ट आणि खिशाला पेन.

"बाई, जरा काम होतं. कॉफीचं मशीन मागवायचं हाय. घरात वापरायचं. लई महाग नको."

मी हसले. अगदी तोंडावर हसले, त्याची मला आजही लाज वाटते. ज्या वाडीत दुधाचं पातेलं चुलीच्या वैलावर ठेवतात, तिथे कॉफीचं मशीन! मी म्हटलं, "काका, मुंबईचं वारं अजून उतरलं नाही वाटतं."

त्यांना मुंबईहून येऊन तीन वर्षं झाली होती. चौतीस वर्षं नोकरी केली, रिटायर झाले आणि थेट गावी आले. एकुलती मुलगी रेणुका लग्न होऊन मंडणगडला गेलेली. घरात ते आणि गोदाकाकी. वाडीत त्यांना मान फार. लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवतात, कारण "धनावड्यांचे बाबाजी मुंबैला हापिसात व्हते." हे वाक्य गोदाकाकीने इतक्या हळदीकुंकवांना ऐकवलंय की माझंही पाठ झालंय. एवढ्या हापिसातल्या माणसाकडे कोणी फॉर्म भरायला आणला की मात्र काका न चुकता चष्मा विसरलेले असायचे आणि फॉर्म माझ्याकडे यायचा. मी मनात म्हणायची, साहेबी थाट बघा!

तर मी मोबाइल उघडला आणि दोघं ओट्यावर बसलो. पहिलंच मशीन दिसलं ते हँडलवालं, कॉफीची पूड दाबून भरायचं, बाजूला दुधाला वाफ द्यायची नळी. काका एकदम पुढे वाकले. त्यांचा उजवा हात हवेत उठला, मनगट अर्धं फिरलं, आणि पुन्हा मांडीवर आला. मी खाली लिहिलेलं वाचून दाखवलं, "हे बघा काका, एकोणीस बार प्रेशर. हे वीस बार. वीसवालं चांगलं असणार."

"नऊ पुरे होतात बाई. बाकीचे कागदावरचे," काका म्हणाले. "टाकी सुटी निघते का बघा. आणि वॉट किती? चौदाशे असतील तर इन्व्हर्टरवर चालायचं नाय. संध्याकाळी आपल्याकडं व्होल्टेज पडतं, पाणी तापायचं नाय. सकाळी चालेल."

मी मोबाइल खाली ठेवला. लोकांनी लिहिलेले शंभर अभिप्राय वाचून मी जे शिकले नव्हते ते या माणसाने बसल्याबसल्या सांगितलं होतं. "काका, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. काकी विहिरीवर गेली होती. मग ते हळूच म्हणाले, "बाई, मी हापिसात होतो ते खोटं नाय. पण टेबलामागं नव्हतो. प्यांट्रीत होतो."

अठराव्या मजल्यावर एका मोठ्या कंपनीचं ऑफिस. काका तिथे कपबशा धुवायला लागले, मग चहा करायला, आणि पुढे इटलीचं भलंमोठं मशीन आलं तेव्हा ते चालवायला दुसरा कोणी धजेना म्हणून तेही शिकले. नव्वद माणसांपैकी कोणाला किती साखर ते तोंडपाठ. बाहेरदेशचे पाहुणे आले की मिटिंगमध्ये आधी बाबाजीची कॉफी जायची. सांगताना काकांची मान इतकी ताठ झाली होती की मला पहिल्यांदा त्यांचा खराखुरा थाट दिसला.

"मग लपवलंत कशाला?"

लपवलं असं कोणीच नव्हतं. लग्न ठरवताना काकांच्या वडलांनी "पोरगा मुंबैला हापिसात हाय" एवढंच सांगितलं. नाटे गावच्या सासऱ्यांनी त्यात खुर्ची, पंखा आणि सही आपली आपण घातली. सांगू कधीतरी म्हणता म्हणता सदतीस वर्षं गेली. आणि गावच्या माणसांनी मिळून घेतलेली मुंबईतली खोली होती, तिथे बारा-पंधरा जण राहत. त्या खोलीचा एक नियम होता: कोण काय काम करतो ते उंबऱ्याच्या आत राहायचं, गावात न्यायचं नाही. कोणी विचारलं तर प्रत्येक जण "कंपनीत" नाहीतर "हापिसात". म्हणजे वाडीतल्या म्हाताऱ्या पुरुषांना सगळ्यांचं सगळं ठाऊक, आणि बायकांना कोणाचंच काही नाही!

मला राग आला. कप धुणं कमीपणाचं, हे ठरवलं कोणी? मी म्हटलं, "आज रात्री जेवताना सरळ सांगून टाका."

"तुमी बाहेरच्या, बाई. जिनं मला एवढं मिरवलान, ती उद्या त्याच बायकांत कशी बसंल? तिची मान खाली नको व्हायला." मग विहिरीच्या वाटेकडे बघत म्हणाले, "पण एक मनात हाय. चारशे माणसांना कॉफी पाजली असंल मी. तिला एक कप नाय दिला. तिचे गुडघे दुखतात. पाचाला उठून कण्हत चहा ठेवते नि माझ्या हातात आणून देते. मी चुलीपाशी गेलो तर हाकलील, आनि माझा सराव बघून शंका घेईल ती वेगळीच. मशीन असलं तर म्हणता येईल, मी नुसतं बटण दाबलं."

आता मला काम कळलं. कॉफी तर काकांनी काकीला द्यायची होती, पण ती करणारा हात तिला दिसू द्यायचा नव्हता. म्हणून हँडलवालं मशीन बाद. काकांचा जीव त्यातच अडकला होता, तीनदा परत तेच उघडायला लावलं, आणि तीनदा "नको, ह्याला हात लागतो" म्हणून पुढे गेले. कॅप्सूलवालंच घ्यायचं. आत कॉफी भरलेली इवलीशी कॅप्सूल टाकायची, झाकण पाडायचं, बटण दाबायचं; शेंबडं पोरही चालवील.

त्यातलं सगळ्यात स्वस्त होतं ते मी लगेच मागवायला निघाले. काकांनी थांबवलं. त्याला फक्त त्याच कंपनीच्या कॅप्सूल चालत होत्या. "आज मशीन फुकट दिल्यासारखं देतील, मग आयुष्यभर कॅप्सूल त्यांच्या भावानं." चांगले पाच तारे देणाऱ्यांचं ते ऐकेनातच. एक तारा देणाऱ्यांचं तेवढं वाचायला लावत. गळतं कुठून, आवाज किती, किती महिन्यांनी बंद पडलं. दोन दुपारी गेल्या. शेवटी साडेसहा हजारांचं एक पसंत पडलं. त्यात दोन जातींच्या कॅप्सूल बसत होत्या, टाकी सुटी निघत होती, आणि सोबत स्टीलची एक रिकामी कॅप्सूल होती. तिच्यात आपली साधी कॉफीपूड भरायची, वापरून झाली की धुवायची. "ही बरी. कॅप्सूलचं पार्सल अडलं तरी राजापूरच्या बाजारातली पूड चालंल," काका म्हणाले. काजूच्या बिया विकून आलेल्या पैशांतून त्यांनी मला रोख रक्कम दिली आणि काकीला काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं: ऑफिसात साहेबलोकांकडे असलं मशीन पाहिलं होतं.

पार्सल मी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आणलं. काका गुपचूप सुरुवात करणार होते, पण वाडीत नवीन वस्तू गुपचूप येत नाही. मोटरपंप असो की मोटारसायकल, नारळ फुटतो आणि गाऱ्हाणं घातलं जातं. एक मेला शाळेचा निकाल लावून मी परत आले तेव्हा धनावड्यांच्या ओटीवर निम्मी वाडी जमली होती. सुट्टीला आलेले चाकरमानी होते, बायका होत्या. टेबलावर मशीन, मशीनला हळदकुंकू, आणि समोर गावकीचा म्होरक्या बाळा गोरिवले नारळ घेऊन उभा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज बाबाजीनं ही जी काय कॉफीची मशीन आनलीन हाय, ती बिनइघ्नाची चालू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लाइट जाव नको दे, आनि घरच्या लक्षुमीच्या हातून सगळ्यांना कॉफी मिळू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही ओरडले. नारळाचं पाणी मशीनवर शिंपडायला निघालेला बाळाचा हात तेवढा मी वेळेत धरला.

मग बाळाने मशीनचा ताबाच घेतला. बाळा म्हणजे मुंबईला "शिपिंगमध्ये" होता, त्याला सगळं येतं. त्याने एक कॅप्सूल टाकून बटण दाबलं, पेला भरेना म्हणून त्याच कॅप्सूलवर पुन्हा दाबलं, आणि पुन्हा दाबलं. विहिरीच्या गार पाण्यातून काढलेल्या स्टीलच्या पेल्यांत तांबूस पाणी जमा झालं. सगुणाकाकी, म्हणजे बाळाची बायको, एक घोट घेऊन म्हणाली, "शी! ह्याच्यापरीस काढा बरा."

बायका हसायला लागल्या. गोदाकाकीचा चेहरा उतरला. काका भिंतीला टेकून उभे होते. बाळाने चौथ्यांदा बटण दाबायला बोट पुढे केलं तेव्हा त्यांचा जबडा आवळलेला मी पाहिला. नको काका, असं मी मनातल्या मनात म्हणतेय तोवर ते पुढे झाले आणि बाळाला त्यांनी खांद्याने बाजूला सारलं.

पुढची तीन मिनिटं मी विसरणार नाही. स्टीलची कॅप्सूल त्यांनी पुसून कोरडी केली, पूड भरली, बोटाने कड साफ केली. कपाटातून चिनी मातीचा कप आला. आधी मशीनमधून नुसतं गरम पाणी काढून तो कप शेकला, पाणी ओतून दिलं. मग बटण. बारीक धार पडली, रंग उतरायला लागताच धार थांबवली. गरम दूध दोन तपेल्यांत वरखाली करून फेस आणला आणि वरून सोडला. नुसत्या वासाने माणसं गप्प झाली होती.

काकांनी खांद्यावरचा पंचा घडी करून डाव्या हातावर टाकला. डावा हात पाठीमागे गेला. उजव्या बाजूने ते गोदाकाकीजवळ आले, कंबरेत थोडे वाकले, कपाचा कान तिच्या हाताकडे येईल असा कप ठेवला आणि म्हणाले, "कॉफी, मॅडम."

काकीने कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मॅडम कोन?"

काकांना जाग आल्यासारखं झालं. पण हात पाठीमागेच राहिला. वाडीतले म्हातारे पुरुष एकजात फुटलेल्या नारळाकडे बघत होते.

"हापिसात असंच द्यायला लागायचं," काका म्हणाले.

"कोनी द्यायचं?"

"मी. प्यांट्रीत होतो मी. चौतीस वर्सां हेच केलं. कप धुतले, चहा केला, कॉफी केली." आवाज अगदी लहान झाला होता. "तुला सांगायचं राहून गेलं."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून असं बघितलं की पुन्हा आवाज आला नाही. सगुणाकाकी मात्र आपल्या नवऱ्याकडे फिरली होती. "आनि तुमी काय करायचाव शिपिंगात?" बाळा म्हणाला, "माझं नाव कशाला मधी?" पण सगुणाकाकीने पिच्छा सोडला नाही, आणि गोदामाच्या गेटवरचा वॉचमन तिथल्या तिथे उघडा पडला.

गोदाकाकी कोणाकडेच बघत नव्हती. तिने कप उचलला आणि कॉफी प्यायली, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. या बाईचा सदतीस वर्षांचा मान आम्ही साडेसहा हजारांच्या मशीनपायी घालवला, असंच मला वाटलं. तिने कप खाली ठेवला.

"म्हंजे सदतीस वर्सां तुमाला हे येत व्हतं?"

"व्हय."

"गनपतीला यायचाव, शिमग्याला यायचाव. आता तीन वर्सां घरातच हाव. दुखत्या गुडघ्यानं मी रोज उठून चहा ठेवते, आनि तुमी ओटीवर बसून हात पुढं करता. हे येत असून?"

काकांनी हातावरचा पंचा ओढून पुन्हा खांद्यावर टाकला.

"कप धुतल्याची लाज कसली वाटते तुमाला? ही वाटायला हवी व्हती." तिचा आवाज थरथरत होता. रडण्याने नव्हे, रागाने. आणि तो राग बघून मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तिची मान खाली गेलीच नव्हती.

तिने पदर खोचला आणि विचारलं, "उद्या किती वाजता उठनार तुमी?"

"पाचाला," काका घाबरत म्हणाले.

"पाचाला मी उठते. तुमी पावनेपाचाला उठा."