‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

पिंप्राळ्यात एका फोटोग्राफरचा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटोला मी तिथेच जातो. तो बोटाने आपली हनुवटी वर करतो, स्वतः हसून दाखवतो, क्लिक करतो आणि म्हणतो, "झालं." ते ऐकलं की माणूस सैल पडतो, चेहरा उतरतो. तेवढ्यात तो गुपचूप दुसरा फोटो काढतो.

हे मला फार उशिरा कळलं. एकदा उन्हाचा आलो म्हणून त्याने पाणी द्यायला आत नेलं. भिंतभर ते दुसरे फोटो होते, हसू नुकतंच गळून पडलेले चेहरे. त्यात मीही होतो, बायको घर सोडून गेली त्या आठवड्यातला. ती गेल्याचं तेव्हा मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ह्या बठ्ठा खरा चेहरा शेतस, भाऊ," तो सगळ्या फोटोंकडे हात करून म्हणाला. मधली एक चौकट त्याच्या स्वतःच्या फोटोसाठी रिकामी होती. "मनाच तेवढा निंघत नही. तुम्ही काढा ना."

राग आला होता, तरी मी कॅमेरा घेतला. तो स्टुलावर बसून हसला. मी क्लिक केलं आणि "झालं" म्हणालो. त्याचं हसू तसंच.

"परत म्हणा."

मी चार वेळा म्हणालो. त्याचे डोळे भरून आले, ओठांवरचं हसू मात्र जाईना.

शेवटी कॅमेरा ठेवून मी बाहेर आलो. चप्पल घालत होतो, तेव्हा आत तो स्वतःलाच सांगत होता, "झालं. झालं. झालं."