नागीण आणि शटडाउनचा टॅग

१४ डिसेंबर, रविवार. पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधलं आमचं क्वार्टर. हजर: बाबा, मी, आणि सुट्टीवर आलेली माझी लेक. ती विषाणूंवर संशोधन करते.

बाबांच्या उजव्या बरगडीखाली फोड उठले होते. नागीण. डॉक्टरांनी गोळ्या लगेच सुरू करायला सांगितल्या होत्या; बाबांनी पाकीट उघडलंच नव्हतं. फोडांभोवती गेरू लावून ते भिंतीकडे तोंड करून बसलेले. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं.

"गोळी कावून खाऊ? अर्धा वेढा तं तिनं घातलाच हाय."

लेक त्यांना खेटून बसली. "आबा, साप-वाप कुछ नहीं है. लहानपणी तुमाले माता आली होती ना, कांजिण्या? तोच विषाणू. तेव्हापासून नसेत झोपून होता."

"इतकी वर्षं? अन् अंगाले पत्ता नाही?"

बाबांचं आयुष्य रोलिंग मिलमध्ये गेलं. तिनं तिथूनच धरलं. "दुरुस्तीच्या शटडाउनला स्विचवर टॅग लावायचे ना, चालू करू नका म्हणून? पेशीत तसंच. जीनवरून कामाची चिठ्ठी निघते. या कुळातले विषाणू मायक्रोआरएनए नावाचे बारके तुकडे बनवतात. तुकडा चिठ्ठीला चिकटला की आपलीच पेशी ते काम थांबवते. जीन शाबूत, पण धोक्याची घंटा वाजवणारं प्रोटीन बनतच नाही."

बाबा हसले. कितीतरी वेळानं. "म्हंजे टॅग बाहेरच्याचा, अन् आपलेच लोकं हात बांधून उभे! आमच्या शिफ्टमधी फोरमननं तंगडं तोडलं असतं त्याचं."

"गोळी टॅग नाही काढत, आबा. पण विषाणूची पिल्लावळ वाढू देत नाही. म्हणून आजच घ्या."

त्यांनी पाकीट हातात घेतलं. "माता आली तवा माय कडुलिंबाचा पाला घेऊन उशाशी बसून राहे. तवाचं अजून आत हाय म्हनतं?"

"हाय, आबा."

मी पाणी आणलं. त्यांनी गोळी घेतली आणि सदरा वर करून माझ्याकडे पाठ केली. "आता तू पाह्य. खोटं नको सांगू."

फोड कण्यापाशी थांबले होते. डावी बाजू स्वच्छ. तसं सांगितलं. पटलं नाही. पुढे-मागे दोन आरसे धरून त्यांना त्यांची पाठ दाखवायची आहे. एक आरसा बेसिनवरचा निघेल. दुसरा सुपेल्याच्या बाजारातून आणायचा राहिला आहे.