बोट लावून मोजलेलं

रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी शालिकराममामा फळीवरच्या कपांना एकेक करून बोट लावायचे. ओठ हलायचे, आवाज नसायचा. शेवटच्या कपावर बोट जरा थांबायचं, मग ते चपला घालायचे. प्रयागमामी वैतागायची.

"कप काय रात्रीतून चालत जातात?"

"नुसत्या नजरेनं मोजलेलं मोजलेलं नसते वं, प्रयागा. बोट लागलं पायजे."

हिंगण्याच्या एमआयडीसीत कोळसाखाणींसाठी कन्व्हेयर बनवणारा एक कारखाना होता. आयटीआय करून मामा तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात लागले आणि केस पांढरे होईपर्यंत खिडकीखालच्या त्याच ड्रॉइंग बोर्डावर राहिले. आधी यंत्राच्या संपूर्ण जोडणीचं ड्रॉइंग काढायचं. ऑफिसात त्याला असेंब्ली म्हणत. मग तिच्यात सारखे भाग किती, बोल्ट किती, रोलर किती, ते मोजून यादी करायची. यादी चुकली की खाणीवरचं काम अडायचं. मामा लाल पेन्सिलीनं प्रत्येक बोल्टवर बारीकशी खूण करत पुढे सरकायचे. ती खूण म्हणजे त्यांचं बोटच. कागदाचा शेवटचा कोपरा येईपर्यंत डबा उघडायचा नाही.

अठ्ठ्याऐंशी साली ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, एसी बसवला.

"देवळावानी हाय," मामा घरी येऊन म्हणाले. "चपला बाहेर काढा लागते. आत थंडगार."

"प्रसादही देतात काय?"

"देतात ना. घरी बसाचा."

मामी हसली. मामाही हसले. दोन जुने ड्राफ्ट्समन तोवर घरी बसलेच होते. लाकडी बोर्ड लकडगंजच्या एका व्यापाऱ्यानं टेम्पोत भरून नेले. मामांचाही नेला.

ऑफिसचे मुख्य ओमप्रकाश साहेब. त्यांनी मामांना बोलावून सांगितलं, "शालिकराम, दिवाली तक एक पूरी असेंब्ली कंप्यूटर पे अकेले बनाके दिखाव. बन गई तो कुर्सी तुम्हारी. नहीं तो देखना पडेगा."

देखना पडेगा म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

शिकवायला गिरिधर नावाचा तरुण इंजिनिअर होता. मुलगा सालस. त्यानं मशीनसाठी हुकमांची एक छोटी साखळी लिहिली होती, तिला तो मॅक्रो म्हणायचा. ती चालवली की असेंब्लीतले सारखे भाग मशीन आपलं आपण मोजायचं.

"काका, बोल्ट एकदाच काढायचा," त्यानं समजावलं. "त्याला नाव द्यायचं. मग तोच उचलून जागोजागी लावायचा. मॅक्रो त्या नावावरून मोजतो."

मामांनी मान डोलावली. त्यांना समजलं नव्हतं असं नाही. पण एकदा काढून शिक्क्यासारखा उमटवत न्यायचा बोल्ट त्यांना बोट न लावलेल्या कपासारखा वाटला असावा. त्यांनी प्रत्येक बोल्ट वेगळा काढला. षटकोन, आतलं वर्तुळ, मधली रेष. पुन्हा षटकोन. पोळा गेला, गणपती गेले, मामा रोज कारखान्याची बस सोडून उशिराच्या सिटी बसनं येऊ लागले. डोळे चुरचुरायचे, पण चेहरा उजळलेला असायचा. "आता हात बसून राह्यला," ते म्हणायचे. त्या दिवसांत ते एक भाकर जास्त खायचे, हे मामीला अजून आठवतं.

पुढचं गिरिधरनं सांगितलं, मामा गेल्यावर घरी भेटायला आला तेव्हा.

दिवाळीच्या तोंडावर सगळे काचेच्या खोलीत मोजे घालून उभे राहिले. पडद्यावर असेंब्ली होती, आणि ती सुरेख होती. गिरिधरनं मॅक्रो चालवला. बोल्टांपुढे शून्य आलं. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यानं पुन्हा चालवला. पुन्हा शून्य. मग त्यानं एक बोल्ट निवडून पाहिला. सबंध बोल्ट निवडला जाण्याऐवजी त्याची एकच कड तेवढी निवडली गेली आणि तुटक रेषेनं दिसू लागली.

"काका, तुम्ही प्रत्येक वेगळा काढला?"

"हो. एकही सोडला नाही."

"यांना नाव नाही, काका. मशीनच्या लेखी हे बोल्ट नाहीत. नुसत्या रेषा आहेत."

मामा खुर्चीतून उठले आणि पडद्याजवळ गेले. "असं कसं गा? हा पाह्य ना. हा एक. हा दोन. हा..." त्यांचं बोट काचेवरून सरकत होतं.

"शालिकराम," ओमप्रकाश साहेब मागून म्हणाले, आवाज न चढवता, "काच पे उंगली मत लगाव."

मामांनी हात मागे घेतला आणि शर्टाला पुसला.

खाणीला यादी जायची होती. गिरिधरनं बसून सगळे बोल्ट पुसले, एक बोल्ट काढला, त्याला नाव दिलं आणि जागोजागी लावला. दुसऱ्या दिवशी मॅक्रोनं यादी दिली. बिनचूक होती.

दिवाळीनंतर मामांना प्रिंटच्या खोलीत पाठवलं. तिथं अमोनियाच्या वाफेवर नकाशांच्या प्रती निघायच्या. संध्याकाळी ते लाल डोळ्यांनी घरी यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. उन्हाळ्यात तिथूनही त्यांना घरी बसवलं.

कपांना बोट लावणं मात्र त्याआधीच थांबलं होतं, काचेच्या खोलीतल्या त्या दिवसापासून. सकाळी ते फळीसमोरून सरळ जायचे. मामी काही दिवस वाट पाहत राहिली. मग तिनं एक कप मुद्दाम पिठाच्या डब्यामागे दडवला. मामा चपला घालून निघाले. तिनं दुसराही दडवला. फळीवर मोकळी जागा दिसू लागली, तरी त्यांचं बोट तिकडे गेलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात, एका सकाळी मामा दारात उन्हाला बसले होते. मामी चहा गाळून आणेपर्यंत त्यांची मान खांद्यावर कलली होती. त्याच्या थोडं आधी तिनं आतून हाक दिली होती, "अहो, एक कप दिसून नाही राह्यला. जरा मोजून पायता काय?"

मामा उन्हातून हलले नव्हते.

"असन तिथंच," ते म्हणाले होते. "चहा झाला असन तर दे."