स्टोअरकीपरने काढून टाकलेला मेल

कोलशेतच्या त्या स्टोअरकीपरचं प्रकरण मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. त्यात तो वाचला, आणि खरं सांगायचं तर मीही वाचलो.

तिथल्या एका कारखान्याच्या मॅनेजरने फिर्याद दिली, की स्टोअरकीपरने महागड्या रसायनाचे ड्रम परस्पर बाहेर काढले. गेटपासवर सही त्याचीच. पंचनामा करून मी त्याचा कॉम्प्युटर जप्त केला आणि त्याला पोलीस ठाण्यात आणलं. कडक इस्त्रीचा शर्ट, निवृत्तीला चार महिने राहिलेले. म्हणाला, मॅनेजरसाहेबांनीच मेल करून ड्रम सोडायला सांगितलं. मेल कुठाय म्हटलं, तर म्हणे काढून टाकला. रोज पाच वाजता टेबल पुसायचं आणि झालेल्या कामाचे मेल काढून टाकायचे, ही त्याची वर्षानुवर्षांची शिस्त.

माझं डोकंच फिरलं. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो शांतपणे तेच सांगत राहिला. बाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

डिस्कची प्रत तपासणारी आमची महिला शिपाई डोंबिवलीची. ती आत आली. "साहेब, सही जरा थांबवा. मेल दिसतायत दहा-बारा, पण फाईल केवढी फुगलीय बघा."

मग तिने समजावलं. मेल काढला की तो प्रोग्राम वहीतल्या ओळीवर नुसती काट मारतो. फाईल आवळून लहान करायला आपण हो म्हटलं, तरच काट मारलेलं खरोखर जातं. तसं विचारणारी चौकट स्क्रीनवर अधूनमधून यायची. त्या चौकटीला काय उत्तर दिलंत, मी स्टोअरकीपरला विचारलं.

"जे कळत नाही त्याला मी नको म्हणतो, साहेब."

त्या फुगलेल्या फाईलमध्ये मॅनेजरचा मेल जसाच्या तसा सापडला. सर्व्हरवर मेल राहत नव्हते, पण पाठवल्याची वेळ नोंदलेली होती, ती जुळली. ही नोंद मी पहिल्याच दिवशी मागवायला हवी होती. दोन्ही कागद समोर ठेवल्यावर मॅनेजरने तासाभरात कबुली दिली.

निघताना स्टोअरकीपर दारात थांबला. "साहेब, त्या चौकटीला आता हो म्हणू का?" मला हसू आलं आणि मनातून लाजही वाटली.

त्या शिपाई मुलीचे उपकार मी मानतो. साहेब भडकलेला असताना ती बोलली. पुढे अटकेच्या प्रत्येक कागदावर सही करण्याआधी मी खोलीतल्या सगळ्यात कनिष्ठ माणसाला विचारायचो, काही राहिलंय का? दोनदा उत्तर आलं, "हो साहेब."