दोन एमबीची मर्यादा आणि कुंकवाचा ठिपका

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. उलट हळदीकुंकवाला जाऊन मी अंधश्रद्धेवर भाषण ठोकायची... आणि वाण घेऊन घरी यायची! तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच. केस काळे केलेले, गळ्यात आयकार्ड आणि नवा शिकलेला, इंटरनेटवरचा ‘ट्रॅफिक’ हा शब्द भाजीवालीलाही ऐकवायची हौस.

नाशिकला अंबड लिंक रोडवर एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी ग्राहकांच्या तक्रारी घ्यायची. आमचा स्विच व्हर्च्युअल, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटातलं नुसतं सॉफ्टवेअर. ज्याने जेवढे पैसे भरले तेवढाच वेग तो सोडायचा. स्क्रीनवर प्रत्येकाची रेघ दिसे, मर्यादेला टेकली की सपाट होणारी.

खंडेनवमीची दुपार, ऑफिसात यंत्रांची पूजा चाललेली. सिन्नरहून फोन आला.

“ताई, लय अडकतंय ओ! जर्मनीत नणंदेच्या लेकीचं बारसं चाललंय. आमचे बापू अंथरुणाला खिळलेत, नातीचं नाव ऐकायला सकाळपासून बसवून ठेवलंय त्यांना. थोडं वाढवा ना.”

त्यांचं पॅकेज दोन एमबीचं. आमचा इंजिनिअर वैभव लगेच मर्यादा वाढवायला बसला, पण सेटिंगचं पान नेमकं तेव्हाच गोठलं. रीस्टार्ट केलं तर सगळ्यांचंच नेट जाणार.

माझ्या हातात पूजेचं ताट. “वैभव, स्विच कुठाय रे? हळदकुंकू राहिलंय.”

“मावशी, तो दिसत नाही.”

“देव तरी कुठे दिसतो? त्याला लावतोच की!”

आणि मी चेष्टेत स्क्रीनवरच कुंकवाचं बोट टेकवलं, बापूंच्या सपाट रेघेच्या बरंच वर.

रेघ हलली. चढत चढत थेट कुंकवापाशी गेली... आणि तिथेच थांबली.

“मावशी, काय केलंत?”

“मी? अरे, साधा माउस मला धड धरता येत नाही!”

फोन चालूच होता. पलीकडून पाळणा ऐकू येत होता, सगळी कडवी, न अडकता. मग कुणीतरी “कुर्रर्र” केलं. मागून एक थकलेला आवाज हळूच म्हणाला, “मुक्ता... मुक्ता व्हय?”

बारसं संपलं तशी रेघ खाली आली. पान आपोआप सुरू झालं. मर्यादा पाहिली, तर दोनच! कुणी बदलल्याची नोंद नाही.

आता माझा नातू म्हणतो, “आजी, तो बर्स्ट असेल. स्विच क्षणभर जास्त सोडतो.” अरे, क्षणभर ठीक आहे. अख्खा पाळणा गायला त्या बायकांनी!

बापू त्याच हिवाळ्यात गेले. त्यांची सून फोनवर सांगत होती, शेवटी शेवटी घरातली माणसं ओळखेनात, पण जर्मनीचा फोन आला की विचारायचे, “मुक्ता जेवली का?”

रेघ कशी चढली, मला आजही ठाऊक नाही. खरं सांगू? आता विचारतही नाही कुणाला.